जॉन बॉयड डनलॉप : चाकात हवा भरणारे जनावरांचे डॉक्टर

केंदूर, पाबळ, आपला सगळा शिरूरचा कोरडा पट्टा. बाभळीचे काटे, सराटे आणि रस्त्यावर सांडलेली खडी. इथं गाडी चालवणाऱ्याला पंक्चर म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. हल्ली बऱ्याच चारचाकींत स्टेपनीऐवजी सीलंटची बाटली आणि छोटा पंप मिळतो. व्हॉल्व्हमधून तो चिकट द्रव टायरात सोडायचा, हवा भरायची आणि निघायचं. मुलं विचारतात, आत गेलेलं लिक्विड नेमकं भोकापाशीच कसं जातं? उत्तर अवघड नाही. पण टायरात हवा ज्यांनी कोंडली त्यांची गोष्ट आधी सांगितली, तर तास रंगतो.

जॉन बॉयड डनलॉप यांचा जन्म 5 फेब्रुवारी 1840 रोजी स्कॉटलंडमधील ड्रेगहॉर्न या गावी शेतकरी कुटुंबात झाला. एडिंबरोला शिकून ते जनावरांचे डॉक्टर झाले. 1867 मध्ये आयर्लंडला गेले आणि पुढे बेलफास्ट शहरात त्यांनी मोठा दवाखाना चालवला. म्हणजे ना इंजिनीअर, ना कारखानदार! कामाच्या निमित्तानं रबर मात्र त्यांच्या हाताखालचं होतं.

त्या काळी सायकलींना भरीव रबराच्या पट्ट्या असत. बेलफास्टच्या दगडी रस्त्यांवर अंग खिळखिळं व्हायचं. डनलॉप यांचा मुलगा जॉनी तीनचाकी सायकल चालवायचा. त्याच्यासाठी 1887 मध्ये त्यांनी एक लाकडी चकती घेतली, रबराच्या पातळ पत्र्याची नळी करून तिच्याभोवती बसवली आणि नळीत हवा भरली. मग अंगणात ही चकती आणि जॉनीच्या सायकलचं जुनं चाक, दोन्ही ढकलून पाहिली. जुनं चाक मध्येच थांबलं. हवेचं चाक मात्र पार फाटकाला आपटून उलटं आलं. (हा प्रयोग शाळेच्या पटांगणात सहज करता येतो. एक टायर हवा भरलेला, एक हवा गेलेला, इतकंच लागतं.)

7 डिसेंबर 1888 रोजी त्यांना पेटंट मिळालं. 18 मे 1889 ला बेलफास्टच्या क्वीन्स कॉलेजच्या मैदानावर विली ह्यूम हा सायकलपटू डनलॉप यांचे टायर लावून शर्यतीत उतरला. ते जाडजूड टायर पाहून लोक हसले. ह्यूमने चारही शर्यती जिंकल्या. डब्लिनचे हार्वे द्यू क्रो यांनी ही संधी हेरली. त्याच वर्षी कंपनी निघाली आणि थोडी रोख रक्कम नि थोडे शेअर घेऊन डनलॉप यांनी आपले हक्क तिला दिले.

पुढे दोन अडचणी आल्या. पहिली कागदाची. पेटंट मिळून दोन वर्षं होतात न होतात तोच ते रद्दबातल ठरलं, कारण रॉबर्ट विल्यम थॉमसन या दुसऱ्या स्कॉटिश माणसानं हीच कल्पना 1845 मध्येच नोंदवली होती. थॉमसन यांच्या वेळी सायकली नव्हत्या, म्हणून ती विसरली गेली होती. डनलॉप यांना तिचा पत्ताच नव्हता.

दुसरी अडचण आपल्या ओळखीची, पंक्चरची. डनलॉप यांचा टायर कापडात गुंडाळून रिमला चिकटवलेला असे. खिळा घुसला की सगळं सोलून काढा, भोक बुजवा, पुन्हा चिकटवा, सुकू द्या. असाच एक पंक्चर टायर 1889 मध्ये फ्रान्समधल्या मिशेलिन बंधूंच्या कारखान्यात आला, तेव्हा दुरुस्तीला तीन तास लागले आणि वर रात्रभर सुकवावा लागला, असं सांगतात. मिशेलिन यांनी 1891 मध्ये काढता-घालता येणारा टायर आणला. पुढच्या वर्षी त्यांनी सायकल शर्यत भरवली आणि वाटेत चक्क खिळे पसरून ठेवले, पंक्चर झटपट निघतं हे दाखवायला! इकडे डनलॉपच्या कंपनीनंही चार्ल्स वेल्च यांचं तारेच्या कडेच्या टायरचं पेटंट मिळवलं. आपल्याकडचा पंक्चरवाला पान्ह्यानं टायर उचकटून ट्यूब बाहेर काढतो, पाण्याच्या घमेल्यात बुडबुडे बघतो, कानस मारून सोल्युशन लावतो, ते सगळं या सुधारणेमुळे जमतं.

आता मुलांच्या प्रश्नाकडे. टायरात हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा जास्त असतो, म्हणून हवा भोकाकडे धावते आणि द्रवाला सोबत ओढून नेते. द्रवातले तंतू भोकात अडकतात, रबराचा चीक तिथं साकळतो. चाक फिरताना द्रव टायरच्या तळाला, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या भागाला आतून पसरतो. म्हणून तिथलं पाच-सहा मिलिमीटरपर्यंतचं भोक बुजतं. बाजूची भिंत चिरली असेल तर बाटलीचा उपयोग नाही. पालकांनी एवढं पाहावं : घुसलेला खिळा उपटू नये, काही किलोमीटर हळू चालवून हवा पुन्हा तपासावी, आणि टायर लवकरात लवकर दुकानात नेऊन पक्कं पंक्चर काढून घ्यावं. आत सीलंट आहे हे दुकानदाराला आधी सांगावं. बाटलीवरची तारीखही बघावी, ती वर्षानुवर्षं डिकीतच पडून असते.

डनलॉप 1890 च्या दशकाच्या मध्यावर कंपनीतून बाहेर पडले. 1896 मध्ये कंपनी 30 लाख पौंडांना विकली गेली, पण त्यांच्या हाती मोठी संपत्ती काही आली नाही. नाव मात्र कंपनीकडेच राहिलं. म्हातारपणी त्यांना आणखी एक गोष्ट फार लागली. कंपनीच्या जाहिरातींत त्यांना उंच टोपी, हातात छडी अशा छानछोकी थाटात रंगवलं जाई. साध्या राहणीचे डनलॉप त्याविरुद्ध कोर्टात गेले आणि प्रकरण थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत पोचलं. मला तर त्यांच्या आयुष्यातला हाच भाग सर्वांत बोलका वाटतो. पेटंट गेलं, पैसा गेला, त्यावर ते इतके चिडलेले दिसत नाहीत.

23 ऑक्टोबर 1921 रोजी डब्लिनमध्ये त्यांचं निधन झालं. टायरचा इतिहास त्यांनी स्वतः लिहून ठेवला होता. ते पुस्तक मुलीनं 1924 मध्ये प्रसिद्ध केलं. उत्तर आयर्लंडमधल्या एका बँकेच्या दहा पौंडांच्या नोटेवर त्यांचं चित्र आहे. त्यात ते दाढीवाले, साधे गृहस्थ दिसतात.