प्राणवायूची परीक्षा

मद्रासहून, म्हणजे आजच्या चेन्नईहून, निघणाऱ्या ‘द हिंदू’ या दैनिकाच्या वाचकांना जे. बी. एस. हाल्डेन हे नाव विज्ञानविषयक लेखांमुळे परिचित होते. आनुवंशशास्त्रज्ञ म्हणून त्यांची कीर्ती जगभर आहे. खोल पाण्यात उतरणाऱ्यांसाठी त्यांनी काय सोसले, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते.

हाल्डेन यांचा जन्म ५ नोव्हेंबर १८९२ रोजी ऑक्सफर्ड येथे झाला. वडील जॉन स्कॉट हाल्डेन हे श्वसनक्रियेचे नामवंत अभ्यासक. नवा प्रयोग आधी स्वतःवर करावा, ही त्यांची रीत मुलाने बालपणीच उचलली. तेराव्या वर्षी वडिलांनी त्याला बुडीचा पोशाख चढवून समुद्रात उतरवले. पोशाख मोठा झाल्याने आत पाणी शिरले, तरी मुलगा डगमगला नाही.

१ जून १९३९ रोजी ‘थीटिस’ ही ब्रिटिश पाणबुडी लिव्हरपूलच्या उपसागरात बुडाली आणि ९९ जण गुदमरून वा बुडून मेले. बुडालेल्या पाणबुडीतून माणसे जिवंत कशी सुटतील, याचा शोध घेण्याचे काम हाल्डेन यांच्याकडे आले. लंडनमधील एका पोलादी दाबकक्षात ते स्वतः जाऊन बसू लागले. जीवशास्त्रज्ञ हेलन स्परवे यांनीही या प्रयोगांत भाग घेतला. पुढे १९४५ मध्ये दोघांचा विवाह झाला.

पाण्यात दर १० मीटर खोलीला एका वातावरणाइतका दाब वाढतो आणि त्याबरोबर श्वासातील प्राणवायूचाही. असा दाबलेला प्राणवायू विषासमान ठरतो, हे फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल बेर यांनी १८७८ मध्येच दाखवले होते. माणूस तो कितपत सोसू शकतो, हे मात्र मोजायचे होते. पुस्तकांत बेचव म्हटलेल्या प्राणवायूला भारी दाबाखाली चव येते, हे हाल्डेन यांनी अनुभवले. चव कळते न कळते तोच झटके येत. बुडी मारलेल्या माणसाला असा झटका आला, तर तोंडातील श्वासनळी सुटून तो बुडणारच. अशाच एका झटक्यात हाल्डेन यांच्या पाठीचे मणके चेपले. ते दुखणे जन्मभर राहिले. आज शुद्ध प्राणवायूवर साधारणतः ६ मीटरांपेक्षा खोल उतरत नाहीत.

१९५७ मध्ये ते भारतात आले, प्रथम कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आणि नंतर भुवनेश्वरला. १९६१ मध्ये त्यांनी भारताचे नागरिकत्व घेतले. १ डिसेंबर १९६४ रोजी भुवनेश्वर येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार त्यांचा देह काकिनाडा येथील रंगराया वैद्यकीय महाविद्यालयाला अभ्यासासाठी देण्यात आला.