जॉन हॉल-एडवर्ड्स

जॉन फ्रान्सिस हॉल-एडवर्ड्स (१९ डिसेंबर, १८५८ - १५ ऑगस्ट, १९२६) हे बर्मिंगहॅम येथील ब्रिटिश डॉक्टर आणि वैद्यकीय क्ष-किरण चित्रणाचे एक आद्य प्रवर्तक होते. जानेवारी १८९६मध्ये त्यांनी एका सहकाऱ्याच्या हातात रुतलेल्या सुईचे क्ष-किरण छायाचित्र घेतले. दुसऱ्या बोअर युद्धात त्यांनी दक्षिण आफ्रिकेत क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून काम केले.

त्या काळी नळीतील किरणांची तीव्रता अजमावण्यासाठी अनेक डॉक्टर स्वतःचाच हात तिच्यासमोर धरीत. किरण दिसत नसत आणि वेदनाही लगेच होत नसे. त्यामुळे थोड्या थोड्या मात्रेने वर्षानुवर्षे साचत जाणारी इजा उशिरा ध्यानात येई. या विकारात त्वचा कोरडी व जाड होते, केस गळतात, नखे ठिसूळ होतात, भेगा व चामखिळीसारख्या गाठी येतात. न भरणारे व्रण पुढे कर्करोगात परिणत होऊ शकतात. हॉल-एडवर्ड्स यांनी या त्वचाविकाराविषयी आणि त्याच्या प्रतिबंधाविषयी वैद्यकीय नियतकालिकांत लेखन केले. मात्र तोवर त्यांच्या हातांना झालेली इजा भरून येण्यापलीकडे गेली होती. १९०८मध्ये त्यांचा डावा हात कापावा लागला, त्यानंतर उजव्या हाताची चार बोटेही गेली.