मलिक अंबर आणि त्याची नहर

शहापूर परिसरातून माहुलीचे सुळके स्वच्छ दिसतात. आपण तिथे ट्रेकला जातो, फोटो काढतो आणि दमून परत येतो. पण याच किल्ल्यावर निजामशाही संपली आणि त्याआधी तब्बल २६ वर्षं ती एका गुलाम म्हणून विकल्या गेलेल्या माणसाने टिकवली, हे मला सेकंड इयरपर्यंत माहीतच नव्हतं. त्याचं नाव मलिक अंबर.

त्याचा जन्म १५४८ च्या सुमारास इथिओपियात झाला. मूळ नाव चापू. लहानपणीच तो विकला गेला, आणि तेही एकदा नाही, अनेकदा. मीर कासिम नावाच्या व्यापाऱ्याने त्याला शिकवलं आणि अंबर हे नाव दिलं. पुढे दख्खनमध्ये त्याला निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने विकत घेतलं. हा चंगीझखान स्वतः एकेकाळी हबशी गुलाम होता! त्याच्याकडे अंबर राज्यकारभार जवळून शिकला. चंगीझखान वारल्यावर त्याच्या बायकोने अंबरला मोकळं केलं. मग काही वर्षं त्याने विजापूरकरांची नोकरी केली.

१६०० मध्ये मुघलांनी अहमदनगरचा किल्ला जिंकला. आता सगळं संपलं असं वाटत असताना अंबरने निजामशाही घराण्यातल्या एका तरुणाला परांड्याला गादीवर बसवलं. पुढे काही काळ राजधानी जुन्नरला होती, म्हणजे आपल्या मुरबाडहून नाणेघाट चढला की पलीकडेच. त्याच्या फौजेत मराठा सरदार होते. मालोजी आणि शहाजीराजेही निजामशाहीतलेच. समोरासमोर न लढता शत्रूची रसद तोडायची, हा गनिमी कावा त्याने मुघलांविरुद्ध पुरेपूर वापरला. शेतकऱ्यांकडून जमिनीची प्रत आणि पीक बघून सारा घ्यायची पद्धतही त्याने बसवली.

पण मला, एका सिव्हिलच्या विद्यार्थिनीला, तो आवडतो वेगळ्याच कारणासाठी. १६१० मध्ये त्याने खडकी गावाची राजधानी केली. तेच पुढे औरंगाबाद आणि आजचं छत्रपती संभाजीनगर. जागा मोक्याची, पण शहराला पुरेल एवढं पाणी नव्हतं. हे काम होणार नाही असं दरबारात काहींचं मत होतं, असं सांगतात. अंबरने उत्तरेच्या डोंगरपायथ्याचं भूगर्भातलं पाणी गोळा करून जमिनीखालच्या बांधीव नहरीतून शहरात आणलं. ना पंप, ना वीज. फक्त उतार! ठराविक अंतरावर साफसफाईसाठी मॅनहोल ठेवले. नहर जमिनीखाली, त्यामुळे बाष्पीभवन कमी आणि शत्रूला ती सापडणंही अवघड. हीच नहर-ए-अंबरी. १६१६ मध्ये मुघलांनी खडकी जाळली, तरी शहर पुन्हा उभं राहिलं.

१६२४ ला भातवडीच्या लढाईत त्याने तलावाचा बांध फोडून शत्रूच्या वाटेत चिखल केला आणि मुघल-आदिलशाही फौजांना हरवलं. पाणी कुठे आणायचं आणि कुठे सोडायचं, दोन्ही त्याला कळत होतं. १६२६ मध्ये तो वारला. त्याची कबर खुलताबादला आहे. त्यानंतर दहा वर्षांनी, १६३६ मध्ये, शहाजीराजांना माहुलीवर वेढा पडला, लहान निजामशहाला मुघलांच्या हवाली करावं लागलं आणि राज्य बुडालं.

राज्य बुडालं, पण नहर वाहत राहिली. तिच्याच धर्तीवर त्या शहरात पुढे आणखी नहरी झाल्या. त्यातल्याच एकीवर अठराव्या शतकातली पाणचक्की आहे. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारातली ती बाग अगदी शांत आहे. तिथे हौदाकाठी बसले, तेव्हा मला आपला तालुका आठवला. तानसाचं पाणी १८९२ पासून मुंबईला जातंय, तेही उतारानेच. नंतर भातसा धरणही झालं. आणि धरणांच्या या तालुक्यातल्या कितीतरी पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट बघत हंड्यांची रांग लागते.

चारशे वर्षांपूर्वी पंप नसताना एका माणसाने कोरड्या गावाला पाणी दिलं. आपल्याकडे पंप आहेत, सॉफ्टवेअर आहे, डिग्रीही मिळेल. मग फायनल इयरच्या प्रोजेक्टसाठी विषय शोधत नेटवर कशाला फिरायचं? विषय तर हॉस्टेलच्या गेटबाहेरच आहे.