सर विल्यम हेन्री ब्रॅग

कित्येक थोर पुरुषांची प्रतिभा ऐन तारुण्यांतच प्रकट होते. कित्येकांच्या बाबतींत मात्र ती अर्धें आयुष्य लोटेपर्यंत वाट पाहत बसते. या दुसऱ्या वर्गांतील एका शास्त्रज्ञाचें चरित्र आम्ही आज आमच्या वाचकांस सादर करीत आहों.

विल्यम हेन्री ब्रॅग यांचा जन्म ता. २ जुलै १८६२ रोजीं इंग्लंडच्या उत्तर भागीं, कंबरलंड परगण्यांत एका शेतकऱ्याच्या घरीं झाला. सातव्या वर्षीं मातृवियोग झाल्यावर चुलत्यांनीं त्यांस आपल्या घरीं नेऊन वाढविलें. गणितांत त्यांची गति विलक्षण होती. केंब्रिज येथील १८८४ च्या गणिताच्या परीक्षेंत ते तिसरे आले व अवघ्या तेविसाव्या वर्षीं ऑस्ट्रेलियांतील ॲडलेड विद्यापीठांत गणित व पदार्थविज्ञान या विषयांचे प्राध्यापक नेमले गेले. पदार्थविज्ञानाचें त्यांचें ज्ञान त्या वेळीं तुटपुंजें होतें. बोटीच्या प्रवासांत पुस्तकें वाचून त्यांनीं ती उणीव भरून काढण्यास आरंभ केला. शिकविण्यास लागणारीं उपकरणें स्वतः बनवितां यावींत, म्हणून हे प्रोफेसर उपकरणें करणाऱ्या कारागिरांकडे उमेदवारी करूं लागले!

अशीं अठरा वर्षें अध्यापनांतच गेलीं. १९०४ सालीं एका विद्वत्सभेच्या विभागाचे अध्यक्ष या नात्यानें त्यांस व्याख्यान द्यावयाचें होतें. त्याकरितां नवीन शोधांचें वाचन करीत असतां त्यांस रेडियमच्या किरणांविषयीं शंका उत्पन्न झाल्या, आणि एकेचाळिसाव्या वर्षीं हा गृहस्थ संशोधक झाला. पांच वर्षांनीं ते इंग्लंडांत लीड्स येथें प्राध्यापक होऊन आले.

क्ष-किरण हे लहरी नसून सूक्ष्म कणांचा वर्षाव आहे, असें मत ब्रॅग यांनीं वर्षानुवर्षें हिरिरीनें मांडलें होतें. १९१२ सालीं जर्मनींत माक्स फॉन लौए व त्यांचे सहकारी यांनीं स्फटिकांतून क्ष-किरण सोडले, तों फोटोच्या काचेवर ठिपक्यांची सुबक नक्षी उमटली. तिचा अर्थ कोणी नीट लाविला? ब्रॅग यांच्या बावीस वर्षांच्या लॉरेन्स नामक पुत्रानें! स्फटिकांतील परमाणूंचे थर आरशांप्रमाणें किरण परावर्तित करतात, व लहरींची लांबी, थरांमधील अंतर आणि किरणांचा कोन यांचा मेळ बसेल तेथेंच ठिपका उमटतो, असा नियम त्यानें सांगितला. पित्याच्या मतास पुत्राकडूनच धक्का बसला. परंतु दुराग्रह न धरतां ब्रॅग यांनीं, कारागिरांकडे शिकलेल्या त्याच हातांनीं, किरणांचे कोन व तीव्रता मोजण्याचें नवें यंत्र सिद्ध केलें. पितापुत्रांनीं मिळून मिठाच्या व हिऱ्याच्या अंतरंगांतील रचना उलगडली. हिऱ्यांत कार्बनचा प्रत्येक परमाणु चार शेजाऱ्यांशीं जखडलेला असतो. त्याच्या काठिण्याचें मर्म यांतच आहे.

१९१५ चें नोबेल पारितोषिक दोघांस मिळून देण्यांत आलें. पण त्याच वर्षीं त्यांचा धाकटा पुत्र रॉबर्ट गॅलिपोलीच्या रणांगणावर कामास आला. शिवाय, नियम पुत्राचा असून लोक त्याचें श्रेय नामांकित पित्यास देत. ब्रॅग यांनीं आपल्या लेखांतून खरें काय तें सांगितलें. तरी लॉरेन्सच्या मनांत ही खंत दीर्घकाळ राहिली. कीर्तीबरोबर असे कांटेही येतात.

पुढें लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनचे ते प्रमुख झाले, मुलांकरितां त्यांनीं रसाळ व्याख्यानें दिलीं, व मार्च १९४२ मध्यें ते निवर्तले.

त्यांच्या यंत्रास एक मर्यादा होती. मोजमाप होईपर्यंत परमाणु असंख्य वेळां थरथरून जात. म्हणून हातीं येई तें त्यांचें सरासरी स्थान. पदार्थाची रचना बदलते त्या क्षणीं काय घडतें, हें त्यांत दिसत नसे. धांवत्या घोड्याचें चित्र घेण्यास कॅमेऱ्याचें झांकण क्षणार्धांत मिटावें लागतें. परमाणूंकरितां तर सेकंदाचे दहा कोटी-कोटी भाग करून त्यांतील कांहीं दशक भागांपुरताच किरणांचा झोत हवा. २००९ सालीं कॅलिफोर्नियांत, वेगवान इलेक्ट्रॉनांच्या साह्यानें, असे क्ष-किरणांचे झोत निर्माण करणारें प्रचंड यंत्र सुरू झालें. २०१७ सालीं हॅम्बुर्गजवळ दुसरें झालें. प्रथम प्रकाशाच्या आघातानें पदार्थ ढवळावयाचा, मग ठराविक अंतरानें क्ष-किरणांचा झोत सोडावयाचा, व तें अंतर थोडथोडें वाढवीत चित्रांची मालिका घ्यावयाची, अशी ही रीति आहे. व्हॅनेडियम डायऑक्साइड नांवाचा पदार्थ सुमारें ६८ अंश उष्णतेस वीज अडविण्याचें सोडून ती वाहूं देतो, व त्याची रचनाही पालटते. त्यांतील परमाणु कवायतीच्या शिपायांप्रमाणें एकदम जागा बदलतात, अशी समजूत होती. प्रकाशाच्या आघातानें हा पालट घडवून घेतलेल्या चित्रांवरून, ते प्रथम बाजारांतील गर्दीप्रमाणें विस्कटतात, असें २०१८ सालीं दिसून आलें. आणि या ठिपक्यांचा अर्थ लावण्यास आजही तोच ब्रॅग-नियम उपयोगीं पडतो!

विद्यार्थिमित्रहो, उशीर झाला म्हणून उमेद सोडूं नका. हातानें काम करण्यास लाजूं नका. आणि पालकांसही आमची एक विनंती आहे: आपलें मत चुकीचें आहे असें मुलानें दाखवून दिल्यास रागावूं नये, त्याच्याबरोबर कामास लागावें. ब्रॅग यांचें खरें थोरपण आम्हांस याच गोष्टींत दिसतें.