यमुनेचा सोबती : बाबा पदमनजी

वर्गांत गोष्ट लिहावयास सांगितली म्हणजे तुमच्यापैकीं बहुतेक जण लागलीच राजवाडा बांधूं लागतात, किंवा लेखणीच्या एका फटकाऱ्यासरशी काश्मीरास जाऊन पोंचतात. चाकुराच्या बाजारांत, लातुरास जाणाऱ्या मोटारींत, अथवा घरच्या आजीच्या मुक्या तोंडामागें एखादी गोष्ट असूं शकेल, हें तुम्हांस खरें वाटत नाहीं. म्हणून आज बाबा पदमनजी यांचें चरित्र सांगण्याचें मनांत आलें.

बाबांचा जन्म इ. स. १८३१ सालीं बेळगांवीं एका कासार कुटुंबांत झाला. घर भाविक होतें. पोथ्यापुराणांची गोडी त्यांस लहानपणींच लागली. बेळगांवच्या मिशन शाळेंत इंग्रजीचें अध्ययन झाल्यावर ते मुंबईस गेले व तेथें फ्री चर्चच्या विद्यालयांत शिकले. जातिभेद मोडूं इच्छिणाऱ्या तरुणांची परमहंस सभा त्या काळीं मुंबईंत गुप्तपणें भरत असे. बाबा तिचे सभासद होते. परंतु जें सत्य दार लावून बोलावें लागतें, त्यांत त्यांच्या मनास स्वस्थता लाभेना. १८५४ सालीं बेळगांवीं त्यांनीं उघडपणें बाप्तिस्मा घेतला. आप्तांच्या घरास मुकणें म्हणजे काय, हें त्या काळच्या माणसास फोडून सांगावें लागत नसे.

पुढें तीनच वर्षांनीं, म्हणजे १८५७ सालीं, त्यांचें 'यमुनापर्यटन' प्रसिद्ध झालें. ग्रंथकाराचें वय तेव्हां अवघें सव्वीस. मराठींतील पहिली कादंबरी म्हणून हिचा उल्लेख होतो. विधवाविवाहाचा कायदा आदल्याच वर्षीं, १८५६ सालीं, झाला होता. पण कायदा झाला तरी माजघरांतील अंधार आपोआप उजळत नाहीं. तो अंधार लोकांस दाखवावा कसा? निबंध लिहिला असता तर ज्यांस तें मत आधींच पटलें होतें त्यांनींच तो वाचला असता. बाबांनीं निराळी युक्ति योजिली. मिशन शाळेंत शिकलेली यमुना आणि तिचा पति विनायकराव या दोघांस त्यांनीं प्रवासास धाडलें.

आज यांत कोणास नवल वाटणार नाहीं. आमच्या या भागांतूनही आषाढीस पंढरीची वाट धरणारे लोक आहेत. वाटेंत कोणी कोणास भेटतो, मुक्कामाच्या जागीं चार सुखदुःखाच्या गोष्टी निघतात, आणि सकाळीं ज्याची त्याची वाट निराळी. बाबांनीं नेमकी हीच रोजची गोष्ट उचलली. हीं दोघें जेथें जेथें जातात तेथें तेथें निरनिराळ्या जातींतील विधवांचें दुःख त्यांच्या कानीं पडतें: कोणाचें केशवपन, कोणाची उपासमार, कोणाची फसवणूक. यमुना हें ऐकते, पतीशीं त्याविषयीं बोलते, आणि तोही तिचें बोलणें मन लावून ऐकून घेतो. नवराबायकोनीं असें समबुद्धीनें बोलणें हीच त्या काळीं मोठी धिटाई होती, असें मला वाटतें. पुढें विनायकरावास अकालीं मृत्यु येतो, आणि इतका वेळ दुसऱ्यांचीं दुःखें ऐकणारी यमुना स्वतःच विधवा होते. येथें वाचकाच्या पोटांत धस्स होतें. दुसऱ्याच्या घरचें म्हणून जें पाहिलें, तेंच उंबरठा ओलांडून आंत आलेलें असतें. अखेरीस ती उघडपणें ख्रिस्ती होते व पुनर्विवाह करिते.

पुस्तकांत दोष नाहींत असें नाहीं. उपदेश फार आहे. पात्रें कित्येकदां माणसांप्रमाणें न बोलतां पंतोजीप्रमाणें बोलतात, आणि मी स्वतः पंतोजी असल्यामुळें तो दोष मला चटकन ओळखूं येतो! तथापि चारच वर्षांनीं, १८६१ सालीं, लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची 'मुक्तामाला' निघाली, आणि मराठी कादंबरी पुष्कळ वर्षें अद्भुताच्या रानांत शिरली. तिच्यांत रंजन होतें. परंतु शेजारच्या घरांत मुसमुसणारी बाई तेथें कोणास भेटली नाहीं.

बाबांनीं शंभराच्या आसपास पुस्तकें लिहिलीं. मोल्सवर्थच्या प्रचंड कोशाचा त्यांनीं केलेला संक्षेप १८६३ सालीं निघाला, आणि पुढें तो कैक पिढ्यांच्या हातीं राहिला. कांहीं काळ ते मंडळीचे पाळक होते. नंतर पुस्तकें लिहिण्यांत व तपासण्यांतच त्यांचे दिवस गेले. 'अरुणोदय' या आत्मचरित्रांत त्यांनीं आपल्या बाळपणच्या देवघराचें वर्णनही ममतेनें केलें आहे. सोडून आलेल्या घराविषयीं असें लिहितां येणें सोपें नव्हे. १९०६ सालीं ते वारले.

त्यांच्या हयातींतच, १८९० पासून, हरि नारायण आपटे यांनीं 'करमणूक' पत्रांत 'पण लक्षांत कोण घेतो' ही कादंबरी क्रमशः लिहावयास घेतली. तींत एक ब्राह्मण विधवा आपली कहाणी स्वतःच्या तोंडानें सांगते. तिचेंही नांव यमुनाच. घरचीं माणसें तिला यमू म्हणत.