साने गुरुजींचे हस्तलिखित दैनिक

बृहन्महाराष्ट्रातील कोणत्याही मराठी घरात ‘श्यामची आई’ची ओळख करून द्यावी लागत नाही. आपल्यापैकी कितीतरी जणांनी ते पुस्तक लहानपणी आईजवळ बसून ऐकले आहे आणि हळूच डोळे पुसले आहेत. ते लिहिणारे साने गुरुजी आधी शाळामास्तर होते, आणि रोज रात्री मुलांसाठी लिहीत बसायचे, याची आठवण मात्र आपल्याला क्वचितच होते.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणात दापोलीजवळच्या पालगड गावी झाला. घराणे खोताचे, पण वडिलांच्या काळात गरिबी आलेली. शिक्षणासाठी त्यांना दापोली, औंध, पुणे अशी गावे बदलावी लागली. १९१७ साली आई गेली, तेव्हाही ते शिकायला परगावीच होते. एम.ए. होऊन १९२४ मध्ये ते खानदेशातील अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले.

शाळेच्या वसतिगृहाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. घर सोडून आलेल्या मुलांचे हाल त्यांनी स्वतः भोगले होते. म्हणून ते मुलांच्या खोल्या झाडत, अंथरुणे आवरत, आजाऱ्याची शुश्रूषा करत. उपदेशाऐवजी कामातूनच ते मुलांना वळण लावत.

लेखनाच्या बाबतीतही त्यांची हीच रीत होती. ‘छात्रालय’ नावाचे दैनिक ते स्वतःच्या हाताने लिहून काढत आणि वसतिगृहातील मुले ते वाचत. छापखाना नाही, वर्गणी नाही. वाचक म्हणजे घरातलीच मुले! आपल्यासाठी कोणीतरी रोज लिहिते आहे, हे पाहिले की मुलांच्या हातीही लेखणी येते. पुढे १९२८ मध्ये त्यांनी ‘विद्यार्थी’ मासिक सुरू केले.

१९३० साली नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले. तुरुंगातही लेखणी थांबली नाही. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरील प्रवचने त्यांनी उतरवून घेतली. १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत ‘श्यामची आई’ लिहून काढली. तिचे रूपही पाहा: आश्रमातली मुले रात्री जमतात आणि श्याम त्यांना आईच्या गोष्टी सांगतो. अमळनेरचे वसतिगृहच जणू तिथे पुन्हा भरले आहे.

तिरुचिरापल्लीच्या तुरुंगात त्यांना दक्षिणेकडचे सोबती मिळाले. तिथे ते तमिळ शिकले, आणि तिरुक्कुरळ त्यांनी मराठीत आणले. आपण परप्रांतात राहणाऱ्यांनी हा प्रसंग विशेष लक्षात ठेवावा. एका प्रांताने दुसऱ्याची भाषा प्रेमाने शिकावी, हे त्यांचे ‘आंतरभारती’चे स्वप्न, १९४९ च्या पुणे साहित्य संमेलनात त्यांनी ते मांडले. त्याआधी १९४७ मध्ये पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून त्यांनी उपोषण केले होते आणि मंदिराची दारे उघडली होती. १५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले. स्वातंत्र्यानंतरच्या वातावरणाने ते फार व्यथित होते. ११ जून १९५० रोजी, वयाच्या अवघ्या पन्नासाव्या वर्षी, त्यांनी स्वतःच आपले जीवन संपवले.

आपली मुले शाळेत इथली भाषा शिकतात, मित्रांशी तिच्यातच बोलतात. गुरुजींना त्याचा आनंदच वाटला असता. पण घरची मराठी अनेकदा ऐकण्यापुरती उरते आणि लिहिण्यातून निसटते. मुले मराठी लिहीत नाहीत, अशी तक्रार आपण करतो. त्यांच्यासाठी आपण मराठीत शेवटचे कधी काय लिहिले, हेही आठवून पाहावे. आठवड्याला एक कागद पुरे. आजोळची एखादी गोष्ट, घरातली बातमी, स्वतःच्या हस्ताक्षरात लिहून भिंतीवर लावावी. खाली थोडी जागा मुलांसाठी कोरी ठेवावी. पुढच्या गणेशोत्सवात असे कागद मंडपात लावता आले, तर बाप्पालाही ती आरास आवडेल.