सेन नदीवरची विजेची होडी

डिंभे धरणाच्या जलाशयात बॅटरीवर चालणारी होडी उतरवली, तर काठावरचा माणूस पहिला प्रश्न विचारेल तो चार्जिंगचा. मधोमध संपले तर? पेठ-मंचर भागात लग्नाच्या मांडवामागे घरघरणारा जनरेटर सगळ्यांनी पाहिलेला, त्यामुळे उत्तरही लगेच मिळेल : तोच होडीत ठेवा. उत्तर चुकीचे नाही, अर्धे आहे. उरलेले अर्धे समजून घ्यायला ग्युस्ताव त्रुवे या फ्रेंच संशोधकाचे आयुष्य उपयोगी पडते.

त्रुवे यांचा जन्म 2 जानेवारी 1839 चा. तत्त्वज्ञ देकार्त ज्या गावी जन्मले त्याच गावातला. वडील गुरांचे व्यापारी. आंजे येथील तंत्रशाळेत ते दाखल झाले, पण प्रकृतीने साथ दिली नाही. मग पॅरिसला जाऊन घड्याळजीच्या हाताखाली काम धरले. बारीक काम करण्याची तिथली सवय जन्मभर टिकली. खिशात मावणारी, न सांडणारी बॅटरी त्यांनी केली आणि तिच्यावर हलणारे दागिनेही बनवले. पॅरिसची हौस त्यामुळे भागली, पण डॉक्टरांच्या उपयोगाची गोष्ट वेगळी होती. जखमेत रुतलेली बंदुकीची गोळी शोधणारी सळई त्यांनी बनवली. सळईची दोन टोके धातूला टेकली की विद्युतमंडल पूर्ण होऊन खूण मिळे, हाडाला टेकली तर नाही. प्लॅटिनमची तार तापवून घशात आणि पोटात उजेड पाडणारे उपकरणही त्यांचेच. आजच्या एंडोस्कोपीच्या पूर्वजांत ते मोडते.

1881 साली त्यांनी एप्रिलमध्ये विजेची तीनचाकी पॅरिसच्या रस्त्यावर चालवली आणि 26 मे रोजी विजेची होडी सेन नदीत उतरवली. विजेवर होडी त्याआधीही चालली होती. याकोबी यांनी 1838 मध्येच नेवा नदीवर ती चालवून दाखवली होती. त्रुवे यांची करामत अशी की मोटर, पंखा आणि सुकाणू हे सगळे एकत्र जोडून त्यांनी उचलून नेता येईल असा एकच संच केला. आजच्या आउटबोर्ड मोटरचे मूळ तेच. वेग प्रवाहाविरुद्ध ताशी 3.6 किलोमीटर, प्रवाहाबरोबर 9.

त्यांची बॅटरी मात्र आजच्यासारखी चार्ज होणारी नव्हती. आम्लात जस्त झिजे आणि वीज मिळे. जस्त संपले की नवे घालायचे. म्हणजे जस्त हेच त्यांचे इंधन होते! शिवाय बॅटरीतले द्रावण बायक्रोमेटचे, विषारी.

जनरेटरच्या होडीत जस्ताची जागा पेट्रोल घेते. एक लिटर पेट्रोलमधून छोटा जनरेटर साधारण दीड ते दोन युनिट वीज देतो. तेवढ्यासाठी दहा-बारा किलो लिथियम बॅटरी लागेल. एवढे ऐकून कोणीही खूश होईल. पण दोन किलोवॉटचा जनरेटर चार किलोवॉट खाणाऱ्या मोटरला पुरत नाही. बॅटरी उतरतच राहते, फक्त जरा सावकाश. यावर उपाय पाण्यानेच ठेवला आहे. वेग निम्मा केला की लागणारी शक्ती ढोबळमानाने आठव्या हिश्श्यावर येते. हळू चालवले तर तोच जनरेटर मोटर चालवून वर बॅटरीही भरतो. घाई असलेल्याने मात्र सरळ पेट्रोल इंजिनाची होडी घ्यावी. आधी वीज करून मग पंखा फिरवण्यात थोडी ऊर्जा वाया जातेच.

दुसरा मुद्दा जिवाचा. जनरेटरच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. डोके दुखते, मळमळते, ग्लानी येते. होडीवर असे झाले की लोकांना वाटते, बोट लागली. छत आणि बाजूचे पडदे लावलेल्या होडीत तर पाऊस चुकवायला जनरेटर आडोशाला ओढण्याचा मोह होतो. तो आवरावा. उघड्या होडीतही मागून वारा आला की धूर माणसांवर येतो. डोके जड झाले तर आधी जनरेटर बंद करून मोकळ्या हवेत यावे, मग डॉक्टर गाठावा. पेट्रोल काठावर, जनरेटर थंड झाल्यावर भरावे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती होडीच्या तळाशी साचते आणि एक ठिणगी पुरते.

इंजिनाने वीज करून त्या विजेवर जहाज चालवण्याची युक्ती 1903 मध्ये व्होल्गा नदीवरच्या ‘वांदाल’ या तेलवाहू जहाजाने मोठ्या प्रमाणावर वापरली. त्रुवे यांना ते पाहायला मिळाले नाही. त्वचारोगांवर अतिनील किरणांनी उपचार करणारे छोटे उपकरण बनवताना त्यांचा अंगठा आणि तर्जनी कापली गेली. एवढ्याशा जखमेकडे कोण बघतो? जखम चिघळली, विष अंगभर पसरले. इस्पितळात शस्त्रक्रिया करूनही उपयोग झाला नाही. 27 जुलै 1902 रोजी, वयाच्या 63 व्या वर्षी, पॅरिसमध्ये ते वारले. पुढे गावच्या दफनभूमीतल्या जागेचा करार कोणी वाढवला नाही आणि त्यांचे अवशेष सामाईक खड्ड्यात गेले.